अस्थिमज्जेतील मूलपेशी आणि यकृताचे जुनाट आजार

या टिपणात एकच प्रश्न घेतला आहे. अस्थिमज्जेतील मूलपेशी, म्हणजे बोनमॅरोमधील स्टेम सेल, काढून त्या सिऱ्होसिस झालेल्या माणसाला दिल्या तर त्याचे यकृत सुधारते का? बायोमेडिकल शाखेच्या विद्यार्थ्यांना हा विषय ऊती-अभियांत्रिकीच्या अभ्यासात भेटतो. इतरांनाही तो दूरचा नाही. घरात कोणाचे ‘लिव्हर खराब झाले’ असे निदान झाले, की लवकरच कोणीतरी ‘स्टेम सेलने यकृत पुन्हा उगवते’ अशी जाहिरात पाठवतो आणि घरातल्या शिकलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सगळे बघू लागतात. मी अभियांत्रिकी शिकवतो, वैद्यक नाही. तेव्हा औषधोपचाराचा सल्ला इथे मिळणार नाही. यंत्रणा काय आहे आणि तिचे मोजमाप कसे झाले, एवढेच आपण पाहू. उत्तर देण्यासाठी तेवढे पुरते.

यकृत आपोआप भरून येते, मग अडते कुठे?

प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते, आणि भरून येण्याची त्याची क्षमता शरीरातल्या इतर कुठल्याही मोठ्या अवयवापेक्षा जास्त आहे. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या दोन संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढून टाकला. आठवडा-दीड आठवड्यात उरलेला भाग वाढून यकृताचे वजन जवळपास पूर्ववत झाले. कापलेला खंड पुन्हा उगवत नाही, शिल्लक खंड मोठे होतात. जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन केले जाणारे प्रत्यारोपण याच गुणावर उभे आहे. आणि एक बाब नीट लक्षात ठेवा: या वाढीसाठी कुठल्याही मूलपेशीची वाट पाहावी लागत नाही. तिथल्याच प्रौढ यकृतपेशी विभाजित होऊन काम भागवतात.

मग सिऱ्होसिसमध्ये हेच यकृत हरते का? कारण तिथे अडचण नुसत्या पेशींच्या संख्येची नसते, बांधणीची असते.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारी शिरेतून, म्हणजे पोर्टल व्हेनमधून येते. ते यकृतपेशींच्या ओळींमधल्या अतिसूक्ष्म वाटांमधून झिरपत पुढे जाते. या वाटांना सायनुसॉइड म्हणतात. त्यांच्या भिंती चाळणीसारख्या छिद्रांच्या असतात, त्यामुळे रक्तातील द्रव थेट यकृतपेशींपर्यंत पोहोचतो. भिंत आणि यकृतपेशी यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत ताराकृती पेशी असतात. निरोगी अवस्थेत त्या अ जीवनसत्त्व साठवून शांत बसलेल्या असतात.

हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारी यकृतातील चरबी, यांपैकी कशानेही वर्षानुवर्षे इजा होत राहिली की या ताराकृती पेशींचे रूप पालटते. साठवलेले जीवनसत्त्व त्या गमावतात, आकुंचन पावू लागतात आणि कोलेजनचे तंतू विणत सुटतात. फट तंतूंनी भरते, चाळणीची छिद्रे बुजतात, रक्त यकृतपेशींना न भेटताच बाजूने निघून जाते. मधल्या काळात यकृतपेशी विभाजित होतच असतात. पण आता त्यांच्याभोवती तंतूंच्या भिंती असल्याने त्यांच्या गाठी तयार होतात. म्हणजे पेशी आहेत, पण त्यांना रक्ताची आणि पित्ताची वाट नाही. नळजोडणी नसलेल्या इमारतीत कितीही माणसे राहायला आणली तरी तिथे घर चालत नाही.

यांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी इथे दाबाचा हिशेब करून पाहावा. बारीक नळीतला प्रवाहरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या फक्त २० टक्क्यांनी घटली तरी ०.८ चा चौथा घात होतो सुमारे ०.४१, म्हणजे रोध जवळजवळ अडीचपट. सायनुसॉइड ही काही सरळ, ताठ नळी नव्हे, त्यामुळे हे सूत्र इथे तंतोतंत लागू होणार नाही. पण अंदाज यायला पुरेसे आहे. यकृताच्या दोन्ही बाजूंमधला शिरांचा दाबफरक निरोगी माणसात १ ते ५ मिलिमीटर पारा एवढा असतो. तो १० किंवा त्याहून वर गेला की गुंतागुंतीचा धोका ठळकपणे वाढतो. १२ च्या पुढे अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव होऊ शकतो. जलोदर होतो, आतड्यातली विषारी द्रव्ये यकृताला वळसा घालून मेंदूपर्यंत पोहोचतात आणि रुग्ण गुंगीत जातो.

म्हणून ‘नव्या पेशी टाकल्या की काम झाले’ हे वाक्य ऐकले, की पुढचा प्रश्न तयार ठेवा: पेशी टाकल्या खऱ्या, पण वाट कोण मोकळी करणार?

मज्जेत नेमके काय असते

अस्थिमज्जा म्हणजे एकाच प्रकारच्या पेशींचा साठा नव्हे. तिथे रक्तजनक मूलपेशी असतात. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळे त्यांच्यापासून बनते. १९६१ मध्ये टोरांटोच्या टिल आणि मॅक्युलॉक यांनी उंदरांच्या प्लीहेवर उमटणाऱ्या गाठी मोजून अशा पेशी असतात याचा पहिला भक्कम पुरावा दिला. त्या अगदी विरळ असतात, दर दहा हजार मज्जापेशींत एखादी, असे ढोबळमानाने सांगतात. दुसऱ्या असतात मेसेन्कायमल पेशी. हाड, कूर्चा आणि चरबी बनवण्याची क्षमता त्यांच्यात असते. त्याशिवाय विकासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या असंख्य पेशी तिथे असतात, त्यांत मोनोसाइटही आल्या. ‘मज्जापेशी दिल्या’ असे कुठेही वाचले की यांतल्या कोणत्या, कशाने वेगळ्या केलेल्या आणि किती, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

रक्ताच्या आजारांत मज्जारोपण ही सिद्ध झालेली उपचारपद्धती आहे. त्या कामासाठी डॉनल थॉमस यांना १९९० च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. पण तिथे रक्तजनक पेशी त्यांचे स्वतःचेच काम करतात. यकृताच्या बाबतीत त्यांच्याकडून दुसऱ्याच कामाची अपेक्षा आहे, आणि जाहिराती हा फरक सोयीस्करपणे गाळतात.

चार वर्षांत उभी राहिलेली आणि पडलेली कल्पना

१९९९ मध्ये पीटरसन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, की उंदरांत मज्जेतून आलेल्या काही पेशी यकृतात यकृतपेशींच्या रूपात सापडतात. मज्जेतली पेशी ओळखायची कशी? युक्ती सोपी आहे. मादीला नराची मज्जा द्यायची आणि नंतर तिच्या यकृतात वाय गुणसूत्र शोधायचे. माणसावर असा प्रयोग करता येत नाही, पण तो वैद्यकीय उपचारांत आपोआप घडून गेलेला होता. पुरुष दात्याची मज्जा मिळालेल्या स्त्रिया होत्या आणि स्त्री दात्याचे यकृत मिळालेले पुरुषही. २००० साली थीज आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे जपून ठेवलेले यकृताचे नमुने तपासले आणि वाय गुणसूत्र असलेल्या यकृतपेशी दाखवल्या. एका रुग्णात त्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होते.

त्याच वर्षी लागास आणि सहकाऱ्यांनी आणखी नाट्यमय प्रयोग केला. टायरोसिन हे अमिनो आम्ल पचवण्यासाठी लागणारे एक विकर जन्मतः नसलेले उंदीर त्यांनी घेतले. एका औषधाच्या आधारावर हे उंदीर जगतात; औषध बंद केले की यकृतपेशी मरू लागतात. या उंदरांना निरोगी उंदराच्या शुद्ध केलेल्या रक्तजनक मूलपेशी दिल्या, हळूहळू औषध काढून घेतले, आणि काही उंदीर जगले. त्यांच्या यकृतात विकर असलेल्या निरोगी पेशींच्या गाठी दिसत होत्या. रक्तपेशी यकृतपेशी बनते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

हवा होता. ‘रक्तपेशी बदलून यकृतपेशी झाली’ आणि ‘रक्तपेशी यकृतपेशीला चिकटून तिच्यात मिसळली’ या दोन्ही शक्यतांत वाय गुणसूत्र दिसेल, विकरही दिसेल. त्या वेगळ्या करायच्या कशा? २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन गटांनी याचे उत्तर दिले. त्यांपैकी वांग आणि सहकाऱ्यांची रीत इतकी सुबक आहे की ती वहीत उतरवून ठेवावी. उंदराच्या पेशीत ४० गुणसूत्रे असतात. दाता मादी, ग्राहक नर. मज्जापेशी स्वतः बदलून यकृतपेशी झाली असेल तर त्या पेशीत ४० गुणसूत्रे आणि एक्सएक्स अशी जोडी दिसायला हवी. ग्राहकाच्या नर यकृतपेशीशी तिचा संयोग झाला असेल तर एक्सएक्स अधिक एक्सवाय, म्हणजे ८० गुणसूत्रे आणि एक्सएक्सएक्सवाय. निरोगी यकृतातही काही पेशींत गुणसूत्रांचा दुप्पट संच असतो. तशा नर पेशीशी संयोग झाला तर १२० गुणसूत्रे, चार एक्स, दोन वाय. मोजणीत नेमके हे ८० आणि १२० चे संच सापडले. म्हणजे पेशीचे रूपांतर झाले नव्हते, दोन पेशींचा संयोग झाला होता.

मग उंदीर जगले कसे? औषध काढल्यावर ज्या पेशीत विकर नाही ती मरत होती, त्यामुळे लाखांत एखादी संयुक्त पेशी असली तरी तीच टिकून वाढत गेली. हा निवडीचा दाब प्रयोगाने मुद्दाम निर्माण केलेला होता. सिऱ्होसिसच्या रुग्णात असा दाब नसतो. तिथे निरोगी पेशीलाही तंतूंच्या भिंतीच भेटतात.

माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. २००० सालचे निरीक्षण खोटे नव्हते. निरीक्षणाचा अर्थ दुसरा निघाला.

बदलत नसेल, तर करते काय?

मज्जेतून आलेल्या पेशी यकृतपेशी होत नसल्या तरी त्या यकृतात काहीच करत नाहीत असे नाही. २००४ मध्ये जपानच्या यामागुची विद्यापीठातील गटाने कार्बन टेट्राक्लोराइड देऊन उंदरांच्या यकृतात तंतू निर्माण केले आणि मग मज्जापेशी दिल्या. तंतू कमी झाले. दिलेल्या पेशी कोलेजन तोडणारी विकरे स्रवत होत्या. म्हणजे मघाच्या प्रश्नाचे, वाट कोण मोकळी करणार याचे, एक संभाव्य उत्तर पुढे आले: मज्जेतल्या पेशींनी विटा होण्याऐवजी राडारोडा उचलणारे मजूर व्हावे.

मात्र हे मजूर दोन्हीकडून काम करतात. मॅक्रोफेज या भक्षकपेशी मज्जेतूनच येणाऱ्या मोनोसाइटपासून तयार होतात. २००५ मध्ये डफिल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांतले मॅक्रोफेज दोन वेगवेगळ्या वेळी हटवून पाहिले. इजा चालू असताना हटवले तर तंतू कमी बनले. इजा थांबल्यावर, भरून येण्याच्या काळात हटवले, तर तंतू विरघळायचे थांबले. पेशी त्याच, वेळ वेगळी, परिणाम उलटा. पुढच्याच वर्षी रूसो आणि सहकाऱ्यांनी उंदरांतच दाखवले की व्रणात कोलेजन विणणाऱ्या काही पेशीही मज्जेतून आलेल्या असू शकतात. त्यांचा वाटा किती, यावर पुढे बराच वाद झाला. तेव्हा दारू चालूच आहे किंवा विषाणू अजून रक्तात आहे अशा यकृतात मज्जापेशी सोडल्या तर त्या राडारोडा उचलतील की वाढवतील, हे गृहीत धरता येत नाही.

माणसांवरच्या चाचण्या

यामागुचीच्याच गटाने २००६ मध्ये सिऱ्होसिसच्या ९ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. पूर्ण भूल देऊन प्रत्येकाच्या कमरेच्या हाडातून सुमारे ४०० मिलिलिटर मज्जा काढली, पेशी धुऊन घेतल्या आणि हाताच्या शिरेतून त्याच रुग्णाला परत दिल्या. २४ आठवड्यांत रक्तातील अल्ब्युमिन वाढले, चाइल्ड-प्यू गुणांक सुधारला. याच सुमारास इतर देशांतूनही असे छोटे अभ्यास आले. त्यांत बहुधा एक गोष्ट नव्हती: तुलनेचा गट.

तुलनेच्या गटाविना काय बिघडते? यकृताची अवस्था मोजायला मेल्ड नावाचा गुणांक वापरतात. त्याचे मूळ सूत्र असे: बिलिरुबिनच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला ३.७८ ने गुणा, आयएनआर या रक्त गोठण्याच्या मापाच्या लॉगॅरिदमला ११.२ ने, क्रिएटिनिनच्या लॉगॅरिदमला ९.५७ ने, आणि बेरजेत ६.४३ मिळवा. समजा एका रुग्णाचे बिलिरुबिन ३.०, आयएनआर १.६, क्रिएटिनिन १.०. उत्तर १५.८५, म्हणजे १६. महिन्याभराने बिलिरुबिन २.४ आणि आयएनआर १.५ झाले, तर १४.२८, म्हणजे १४. दोन गुणांची ‘सुधारणा’! पण एवढा चढउतार एखादा जंतुसंसर्ग बरा झाल्यानेही होतो. त्यात रुग्ण चाचणीत दाखल होतो तोच प्रकृती ढासळलेली असताना. त्यानंतरचे माप सरासरीकडे परत येण्याचीच शक्यता जास्त. शिवाय चाचणीत आलेला माणूस दारू सोडतो, विषाणूवरील गोळ्या वेळेवर घेतो, त्याला वरचेवर डॉक्टर भेटतात. या सगळ्याचे श्रेय मज्जेला द्यायचे की नाही, हे मज्जा न मिळालेला पण बाकी सर्व मिळालेला दुसरा गट असल्याशिवाय सांगता येत नाही. सिग्नल आणि नॉइज यांचा हा जुनाच प्रश्न आहे.

तुलनेच्या गटासह चाचण्या झाल्या तेव्हा चित्र पालटले. जिनिव्हातील संशोधकांनी २०१३ मध्ये मद्यजन्य यकृतविकार बळावलेल्या ५८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. मज्जापेशींचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधील ३ रुग्णालयांच्या ८१ रुग्णांची चाचणी आली. मज्जेतील पेशी रक्तात उतरवणारे जी-सीएसएफ हे इंजेक्शन एका गटाला, ते इंजेक्शन आणि त्याच्यामुळे रक्तात आलेल्या सीडी१३३ पेशी वेगळ्या करून तीनदा परत देणे असे दुसऱ्या गटाला, नेहमीचे उपचार तिसऱ्याला. ९० दिवसांनी मेल्ड गुणांकात फायदा दिसला नाही. उलट पेशी मिळालेल्या गटात गंभीर दुष्परिणाम जास्त होते.

सगळेच निष्कर्ष नकारार्थी आहेत असे मात्र सांगू नका. दक्षिण कोरियात मद्यजन्य सिऱ्होसिसच्या ७२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, रुग्णाच्याच मज्जेतून वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशी यकृताच्या धमनीतून दिल्यावर ऊतीतील तंतूंचे प्रमाण घटल्याचे २०१६ मध्ये नोंदवले गेले. आपल्याकडे दिल्लीतील संशोधकांनी, जुन्या यकृतविकारात अचानक यकृत निकामी झालेल्या ४७ रुग्णांवर नुसत्या जी-सीएसएफची चाचणी केली. औषध मिळालेल्या गटात ६० दिवसांनी जगलेल्यांचे प्रमाण बरेच जास्त होते. तो निबंध २०१२ चा. पण २०२१ मध्ये जर्मनीत १७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हा फायदा दिसला नाही आणि ती मध्येच थांबवावी लागली. रुग्णांची निवड, आजाराचे मूळ कारण, संसर्गाचे प्रमाण यांतल्या फरकांवर दोन्ही बाजूंनी चर्चा चालू आहे. माझे मत विचाराल तर, एका संस्थेतला आशादायक निकाल आणि अनेक संस्थांतला निरुत्तर निकाल समोर असताना मी दुसऱ्याला जास्त वजन देईन. पण पहिला फेकून देणार नाही.

सध्या लक्ष वेधून घेणारे काम एडिनबरात चालू आहे. तिथे मज्जेपर्यंत जायचीही गरज ठेवलेली नाही. रुग्णाच्या रक्तातील मोनोसाइट वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांचे मॅक्रोफेज करतात आणि परत देतात. ९ रुग्णांवरची सुरक्षिततेची पहिली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या टप्प्यात तुलनेचा गट होता. त्यात ९० दिवसांच्या मेल्ड गुणांकात लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही प्रश्न आता योग्य जागी आला आहे: यकृत होणारी पेशी शोधण्याऐवजी तंतू विरघळवणारी पेशी, योग्य वेळी.

तुम्हाला कोणी विचारले तर

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांतील रक्तजनक मूलपेशी-रोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. यकृताचे आजार त्या अपवादांत नाहीत. चाचणी असेल तर ती भारतीय क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीत सापडली पाहिजे. २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. नोंदणी म्हणजे उपचार सिद्ध झाला असे नव्हे, एवढेच की कोणीतरी प्रश्न, गट आणि मोजमाप आधी लिहून ठेवले आहे. संशोधनाचा भाग असलेल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. ‘चाचणी आहे, पण पॅकेज इतक्या लाखांचे’ असे कोणी म्हणाले, तर त्या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत, हे घरच्यांना सांगा.

आणि याच वेळी जे ठाऊक आहे तेही सांगा. हिपॅटायटिस सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत पूर्ण जातो, बी नियंत्रणात ठेवणारी औषधे आहेत, दारू पूर्ण थांबली तर यकृताला सावरायला वाव मिळतो. इजा थांबली की तंतू काही प्रमाणात विरतात, हे रुग्णांच्या यकृताच्या नमुन्यांतही दिसले आहे. यकृत फारच गेले असेल तर प्रत्यारोपणासाठी वेळेत नाव नोंदवणे महत्त्वाचे. जाहिरातीतल्या उपचारात चार-सहा महिने गेले, तर बहुधा हाच वेळ हातचा जातो.

स्वाध्याय. वांग यांच्या प्रयोगात दाता नर आणि ग्राहक मादी घेतली असती, तर रूपांतर झालेल्या, साध्या पेशीशी संयोग झालेल्या आणि दुप्पट संचाच्या पेशीशी संयोग झालेल्या यकृतपेशीत गुणसूत्रांचे कोणते संच दिसले असते? नुसते वाय गुणसूत्र शोधून या तिघी वेगळ्या ओळखता आल्या असत्या का? दुसरा प्रश्न: वरच्या उदाहरणातील रुग्णाचे बिलिरुबिन आणि आयएनआर ३.० आणि १.६ एवढेच राहिले, पण क्रिएटिनिन १.० वरून १.३ झाले, तर मेल्ड गुणांक किती होईल? यकृतात काहीही न बदलता तो बदलला, याचा चाचणीच्या आखणीवर काय परिणाम होतो ते लिहा.